वाड्यातला चौक आणि गावातला चौक



चौक हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक चौक वाड्याच्या पोटात असतो. दुसरा चार रस्ते मिळतात तेथे. या दोहोंचे नाते पाहावे, एवढाच आजचा विषय.

आपल्या कोकणात घराची मोकळी जागा दारापुढे असते. आधी खळे, मग ओटी, मग माजघर. १७१३ साली श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना पेशवेपद मिळाले आणि कोकणातली कितीतरी घराणी घाटावर गेली. तेथे दाट पेठेत घर बांधावयाचे, तर उजेड नि वारा आतूनच घ्यावा लागे. म्हणून बाहेर उंच भिंत आणि आत चौक. पुढच्या चौकात कारभार, मागच्यात संसार.

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला; वास्तुशांत १७३२ मध्ये झाली. १८२८ च्या आगीत लाकडी मजले जळाले. राहिले जोते, तट आणि दिल्ली दरवाजा. आतले चौक गेले, पण दारापुढचे पटांगण मात्र जिवंत राहिले! पेशवाईनंतर तेथे भाजीबाजार भरे. १८८६ च्या सुमारास नवी मंडई झाली, तेव्हा तो हलला. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांना ऐकावयास लोक तेथेच दाटले.

आता आपल्या गावाकडे वळू. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले. त्याचा राजवाडा १९१० मध्ये उभा राहिला; १९१६ साली तो येथेच वारला. इमारत देखणी खरी. पण कैदेतल्या राजापाशी ना कारभार, ना न्यायनिवाडा. मग त्या दारापुढे पेठ वसावी कशी? वाडा कितीही मोठा असो, गावाचा चौक तयार होतो तो लोकांच्या येण्याजाण्याने. धनी जातो, वाडा जळतो, पण लोकांना सवयीची झालेली मोकळी जागा टिकते.

म्हणूनच आम्हांला चिंता वाटते ती खळ्याची. आळीतली जुनी घरे पडतात, सदनिका उभ्या राहतात. घरे जुनी झाली की पडणारच. त्याबद्दल रडून उपयोग नाही. पण खळ्यावर गाड्या उभ्या राहिल्या आणि चौकात माणसाला क्षणभर थांबता येईनासे झाले, तर शेजाऱ्याने शेजाऱ्याला भेटावे कोठे? नवे घर बांधताना दारापुढे चार माणसे बसतील एवढी जागा राखा, इतकीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.