इंजिनातील तेलाचा प्रवास



मे महिन्यात रायपूरचा पारा 44 अंशांच्या पुढे जातो. अशा दुपारी बूढ़ापारातून, तलावाच्या काठाने, एखादी मोटरसायकल संथपणे जाते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर त्याचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, एका सेकंदात 50 वेळा वर जाऊन 50 वेळा खाली येतो. धातूवर धातू घासू नये म्हणून दोहोंमध्ये तेलाचा एक पातळ पापुद्रा लागतो. हे तेल अखंड पोहोचवणारा पंप पेढ्याहून फारसा मोठा नसतो.

बैलगाडीच्या आसाला वंगण घालणारा गाडीवान हेच काम हाताने करीत असे. चाक कुरकुरले की तो थांबे. मराठीत त्याला वंगण म्हणतात, इथल्या हिंदी पाठ्यपुस्तकात तेच ‘स्नेहक’ होते आणि मिस्त्रीच्या तोंडी ‘मोबिल’. हे तिसरे नाव मुळात एका व्यापारी मालाचे, पण आता सगळ्याच तेलांना चिकटले आहे.

जुन्या पिढीतील पालकांना राजदूत आठवत असेल. त्या टू-स्ट्रोक गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे आणि ते इंधनाबरोबर जळून जाई; मागचा निळसर धूर त्याचाच. 1985 च्या यामाहा आरएक्स 100 मध्ये तेलाची टाकी वेगळी झाली आणि एक छोटा पंप गरजेपुरते तेल सोडू लागला; तरी ते शेवटी जळतच असे. त्याच वर्षी हीरो होंडाची सीडी 100 आली. बजाज ऑटोने कावासाकीच्या सहकार्याने 1986 मध्ये केबी 100 ही टू-स्ट्रोक गाडी काढली, 1991 मध्ये फोर-एस चॅम्पियन; 2001 मध्ये बजाजची पल्सर आली. सीडी 100, चॅम्पियन आणि पल्सर या फोर-स्ट्रोक गाड्या. त्यांत तेल जाळायचे नसते, फिरवायचे असते. म्हणून पंपाला खरे महत्त्व आले.

या पंपाची रचना पाहण्यासारखी आहे. गोल पोकळीत दोन चक्रे, एकात एक बसवलेली. आतल्या चक्राला बहुधा चार पाकळ्या, बाहेरच्या कड्याला पाच खाचा. आणि दोघांचे मध्यबिंदू किंचित सरकलेले. सारे रहस्य या एका खाचेच्या फरकात आणि या सरकण्यात आहे. चक्रे एकाच दिशेने फिरू लागली की त्यांच्यामधील पोकळी एका बाजूला मोठी होत जाते आणि तेल आत ओढले जाते. दुसऱ्या बाजूला तीच आक्रसते आणि तेल बाहेर ढकलले जाते. पंपाच्या पोटात झडपही लागत नाही. चक्रांमधील फट एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असते. धातूचा कीस अडकून ती वाढली, की तेल मागच्या मागे निसटू लागते.

इंजिनाच्या तळाशी साठलेले तेल जाळीतून गाळले जाऊन पंपात येते. तेथून एक वाट क्रँककडे जाते, तर दुसरी थेट माथ्यावर, कॅमशाफ्टपर्यंत चढते. काम झाले की तेल साखळीच्या पोकळीतून आपल्या वजनानेच खाली उतरते. वर चढायला पंप हवा, उतरायला गुरुत्वाकर्षण पुरते. वाटेत ते धातूची उष्णताही सोबत नेते, आणि रायपूरच्या उन्हाळ्यात ही सेवा लहान नव्हे. बहुतेक मोटरसायकलींत हेच तेल गिअर आणि क्लचलाही भिजवते. मोटारीचे काही तेल अतिनिसरडे असते, त्याने क्लच घसरू लागतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ हा दर्जा पाहून घ्यावा.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. पंप दाब निर्माण करतो असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः तो केवळ तेल ढकलतो. दाब येतो तो पुढच्या अरुंद वाटांच्या अडवणुकीमुळे. त्यामुळे पंप धडधाकट असूनही तळात तेलच उरले नसेल, तर तो हवा ओढतो. पहिली झळ माथ्यावरच्या कॅमशाफ्टला, कारण तो सर्वांत दूर. नंतर दट्ट्या तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. इंजिन जाम झाले की मागचे चाकही जागच्या जागी थांबू शकते. भरधाव गाडीवर बसलेल्या मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे पालकांना सांगायला नको.

बारावी झालेल्या मुलाच्या हाती बहुधा वडिलांची जुनी गाडी येते. तिला कागदपत्रे असतात, हेल्मेटही घेतले जाते. तेलाची पट्टी मात्र कोणी काढून पाहत नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना तेल कमी झाल्याचा दिवा नसतो. जुने इंजिन थोडे तेल पितेच, आणि ठिपका जमिनीवर न पडताही पातळी उतरत जाते.

तपासणी दोन मिनिटांची आहे. इंजिन थोडे चालवून बंद करावे, तेल खाली उतरेपर्यंत थांबावे आणि गाडी सपाट जागी सरळ उभी करावी. साइड स्टँडवर कललेल्या गाडीची पट्टी खोटे सांगते. पट्टी पिळून बसवायची की नुसती टेकवायची, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. वरच्या खुणेपलीकडे भरणेही हिताचे नाही: फिरते भाग ते घुसळतात, त्याला फेस येतो आणि पंपाच्या वाट्याला तेलाबरोबर पुन्हा हवाच येते.