आतड्याचा कर्करोग : निदान आणि तज्ज्ञ
शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याधीचेच, असे समजून अनेक जण दुखणे अंगावर काढतात. परंतु ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते. जव्हार-मोखाड्याच्या रुग्णाने अशा वेळी प्रथम जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय गाठावे. पुढील काम अनेक तज्ज्ञांचे असते. पोटविकारतज्ज्ञ दुर्बिणीने आतडे पाहून संशयित भागाचा तुकडा काढतात. विकृतिशास्त्रज्ञ तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. क्ष-किरणतज्ज्ञ रोगाचा फैलाव पाहतात. मग शल्यविशारद गाठ काढतात व गरजेनुसार कर्करोगतज्ज्ञ औषधे देतात. मुंबईत परळला १९४१ साली स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात हे सर्व तज्ज्ञ आहेत. रोग लवकर आढळल्यास केवळ शस्त्रक्रियेनेही बरा होऊ शकतो. म्हणून दिवसाची मजुरी बुडाली तरी पहिली तपासणी लांबवू नये.