पोराची गाडी आणि गटाचं कर्ज

  चुलीवर कालवण असेल तर आच जरा कमी करा आणि दहा मिनिटं आमच्याजवळ बसा. आजचा विषय गाडीचा आहे. "गाडीतलं आपल्याला काय कळतंय?" असं म्हणू नका. गाडी पोराची असली तरी हप्ता पुष्कळदा आपणच भरतो.

आमच्याच गटातली गोष्ट सांगतो. मासिक बैठकीत एका ताईंनी १५ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण सांगितलं घरखर्च. ताई कधी हप्ता न चुकवणाऱ्या, म्हणून आम्ही ठराव केला, सह्या केल्या आणि पैसे दिले. पुढच्या आठ दिवसांत त्यांच्या पोराच्या बुलेटचा आवाज बदलला. आधी धक धक करत जाणारी गाडी आता वेशीपासून फटाके फोडत यायची. पुढं डोळे दिपवणारा पांढरा दिवा, मागं आखूड सायलेन्सर. घरखर्च कुठं गेला ते आम्हाला न विचारताच कळलं.

तेव्हा आमच्यातल्या एकीची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. रात्री दहाला गाडी आली की बाळ दचकून उठायचं. शेजारच्या आजींना रक्तदाबाचा त्रास, त्यांच्या छातीत धडधड व्हायची. आम्ही कुजबुजत राहिलो, तोंडावर कुणीच बोललं नाही. मग एक दिवस हायवेवर पोलिसांनी गाडी अडवली. दंड झाला, सायलेन्सर काढून घेतला. जुना कंपनीचा सायलेन्सर पोरानं आधीच भंगारात घातलेला. तो नवा घ्यावा लागला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तशी गत. आणि पहिल्यांदाच ताईंचा हप्ता चुकला.

त्या दिवशी बैठकीत ताई रडल्या. आम्ही ठरवलं, बोल लावायचा नाही, पण विषय नीट समजून घ्यायचा. एकीचा भाऊ एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालाय. त्याला बोलावलं, पोरालाही बसवलं. दादांनी आम्हाला समजेल असं सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो.

इंजिन म्हणजे एक चूलच. पेट्रोल हे सरपण, आणि हवा फिल्टरमधून आत येते. दोन्हीचं प्रमाण जमलं तर जाळ नीट. फुंकणीनं हवा कमी मिळाली की चूल धुरते, तसंच इंजिनाचं. जळलेला वायू मोठ्या दाबानं बाहेर येतो. सायलेन्सरच्या आत भोकांच्या नळ्या आणि कप्पे असतात, त्यांत फिरून त्या वायूचा जोर आणि आवाज कमी होतो. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ नियमाच्या आहेत. त्यांच्या धुराच्या वाटेवर मधाच्या पोळ्यासारखी एक जाळी असते, तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. ती कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू बराचसा निवळते. पुष्कळ वेळा बाजारातला सायलेन्सर बसवताना ही जाळीच निघून जाते. म्हणजे आवाज येतो तो येतोच, वर विषारी धूर पोरांच्या नाकातोंडात.

आणि ते फटाके? न जळलेलं पेट्रोल गरम नळीत जाऊन पेटतं, त्याचा तो आवाज. म्हणजे आपल्या पैशाचं पेट्रोल नळीत फुटतंय. पोराला वाटतं गाडीत ताकद आली. दादा म्हणाले, नुसता सायलेन्सर बदलून ताकद नावालाच वाढते, कान मात्र फसतो. ३५० सीसीच्या बुलेटची ताकद साधारण २० अश्वशक्ती. ब्रेक, चेन, टायर कंपनीनं त्या हिशोबानं दिलेले असतात. इंजिनात खरंच फेरफार करून जोर वाढवला, तरी ब्रेक तोच राहतो. चौफुला ते न्हावरा रस्त्यावर गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या किती असतात, तुम्ही बघताच. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अशा ट्रॉलीमागं जोरात आलेल्या पोराला आवाज वाचवत नाही, ब्रेक वाचवतो. आणि त्याचा तो पांढरा दिवा समोरून येणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराचे डोळे दिपवतो.

हे वेड आपल्याच पोरांचं आहे असं नाही. अमेरिकेत १९६४ च्या सुमारास मोठ्या इंजिनाच्या दणकट मोटारी निघाल्या, त्यांना मसल कार म्हणायचे. फोर्डची मस्टँग त्याच साली आली. कॅरोल शेल्बी नावाच्या माजी शर्यतपटूनं १९६५ मध्ये त्याच मस्टँगवर काम करून जास्त जोराची गाडी बाजारात आणली. पण नीट ऐका, त्यानं इंजिनाबरोबर ब्रेकही बदलले, चाकांवरचा तोलही बदलला. आजही तिथं अशा गाड्यांसाठी किट विकत मिळतात. आणि तिथंही धूर शुद्ध करणारा भाग काढून टाकणं कायद्याविरुद्धच आहे.

आता आपल्याकडचा कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. असा बदल केला तर प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाजाचा आणि धुराचा नियम मोडला तर पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि लायसन्स तीन महिने बंद. पोरगा १८ वर्षांखालचा असेल तर जास्तच जपा. त्यानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. गाडी आईच्या नावावर असेल तर मालक म्हणजे आपणच, बायांनो.

विम्याचंही तसंच. बदल न कळवता केला आणि अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. दवाखान्याचा खर्च आणि गाडीचा खर्च, दोन्ही मग कर्जातून.

मग कुठलंच किट बसवायचं नाही का? तसं नाही. सीएनजीचं किट, गाडी विजेवर चालवायचं किट, यांना परवानगी मिळते. पण ते किट मान्यताप्राप्त संस्थेनं तपासलेलं पाहिजे. आपल्या पुण्यातली एआरएआय ही अशीच संस्था, १९६६ सालची. किट अधिकृत ठिकाणी बसवायचं, आरटीओची मंजुरी घ्यायची, आणि आरसी बुकावर नोंद करून घ्यायची. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते, ते विसरायचं नाही. दिव्यांग भावंडांसाठी गाडीत सोयीचा बदल करायलाही कायद्यात वाट आहे. म्हणून किट घेताना पोराला एकच प्रश्न विचारायचा: "हे आरसी बुकावर चढेल का?" नाही म्हणाला, तर पैसे द्यायचे नाहीत.

आमच्या गटानं तीन गोष्टी ठरवल्या. एक, कर्जाचं खरं कारण सांगायचं. पोराच्या हौसेसाठी हवंय असं कुणी सांगितलं तर हसायचं नाही, पण चर्चा करायची. दोन, गाडीच्या कामाला कर्ज द्यायचं ते दुरुस्ती, टायर, ब्रेक, विमा आणि हेल्मेटसाठी. तीन, हप्ता चुकलेल्या बाईला एकटं पाडायचं नाही. त्या ताईंचा हप्ता आम्ही तीन महिने लांबवून दिला. त्यांनी तो फेडला.

आणि पोरगा? त्या बैठकीत तो गप्प बसून होता. शेवटी त्यानं दादांना विचारलं, "जाळी आत नेमकी कशी असते?" दादा म्हणाले, "ये, उघडून दाखवतो." पोरात खोट नव्हती, त्याला यंत्राची ओढ होती. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड असतो, हे आम्ही त्याला सांगितलं. आपल्या रांजणगावला मोटारींचा कारखाना आहे, चाकणला तर रांगच आहे. त्यानं यंदा अर्ज भरलाय. पुढं काय होईल ते बघू. पण रात्री दहाला आता बाळ दचकत नाही.

मैत्रिणींनो, पोरांशी भांडून गाडी गप्प होत नाही. जवळ बसून, हिशोब मांडून होते. या आठवड्यात एक काम करा. घरातल्या गाडीचं आरसी बुक काढा, नाव कुणाचं आहे ते बघा, विम्याची तारीख बघा. आणि पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. तुमच्या गटानं काय ठरवलं ते आम्हाला नक्की कळवा. आता कालवण बघा, लागलं नसेल ना? नमस्कार.