‘मला होऊन गेलाय’ म्हणजे प्रवासाचा पास नव्हे

स्पीड दीडपट करून ऐकत असाल तर आज जरा एकवर आणा. विषय छोटा आहे, पण सावकाश ऐकण्यासारखा आहे.

विषय म्हणजे एक वाक्य. “अरे, मला होऊन गेलाय!” कोरोनाच्या काळात हे किती वेळा ऐकलंत, आठवा. ताम्हिणीला चाललायस? “मला होऊन गेलाय.” मास्क कुठेय? “होऊन गेलाय रे.” जणू काही आजार नाही, टोलचा पासच मिळालाय.

मी राहतो मुळशीत आणि हिंजवडीत कोड लिहितो. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते, हे आयटीवाल्यांना सांगितलं तरी पटत नाही. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड करत ताम्हिणीला जाणारा जो रस्ता आहे ना, त्या रस्त्यावरून हे वाक्य दर शनिवार-रविवारी गाडीत बसून यायचं.

आता थोडं मागे जाऊ. ९ मार्च २०२०. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले, दुबईहून परतलेले. म्हणजे सुरुवातच प्रवासातून. मग भीती इतकी की गावोगावी लोकांनी रस्त्यावर दगड, काटे, झाडाच्या फांद्या टाकून वेशी बंद केल्या. मुंबई-पुण्याहून आलेली आपलीच पोरं गावाबाहेर शाळेत राहिली.

मग आला ऑगस्ट २०२०. पुण्याच्या सेरो सर्व्हेचा निकाल लागला. आयसर आणि पुणे विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच प्रभागांतल्या १,६६४ लोकांचं रक्त तपासलं. ५१.५ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या! लगेच चर्चा सुरू: अर्ध्या पुण्याला होऊन गेला, आता काय घाबरायचं? पण हे पाच प्रभाग मुळात जास्त रुग्ण असलेले म्हणून निवडलेले होते. त्यांचा आकडा अख्ख्या शहराला लावून चालत नाही.

आणि गंमत बघा, त्याच महिन्यात हाँगकाँगमधून दुसरी बातमी आली. एका ३३ वर्षांच्या माणसाला मार्चमध्ये कोरोना होऊन गेला होता. ऑगस्टमध्ये तो युरोपातून परतला आणि विमानतळावरच्या तपासणीत पुन्हा पॉझिटिव्ह निघाला. दोन्ही वेळच्या विषाणूंचा जीनोम वेगळा होता, म्हणजे जुनाच संसर्ग रेंगाळलेला नव्हता. आणि दुसऱ्या वेळी त्याला लक्षणं काहीच नव्हती.

इथंच सगळी गोम आहे. आपल्या भाषेत सांगतो. अँटिबॉडी सापडली म्हणजे लॉगमध्ये नोंद सापडली, की विषाणू येऊन गेला. दाराला कुलूप लागलंय, असं तो लॉग सांगत नाही. रक्तातल्या अँटिबॉडी काही महिन्यांत कमी होत जातात. मागे राहतात त्या स्मृतिपेशी. विषाणू परत आला की त्या जाग्या होतात आणि आजार सहसा फार वाढू देत नाहीत. पण त्या कामाला लागेपर्यंत विषाणू नाका-घशात वाढलेला असू शकतो. म्हणजे तुम्ही ठणठणीत, आणि तुमच्याकडून दुसऱ्याला संसर्ग. त्यात ओमिक्रॉनच्या स्पाइक प्रोटीनमध्ये तर तीसहून जास्त बदल होते. जुन्या अँटिबॉडींना तो नीट ओळखूच येईना. डिसेंबर २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडला त्याचे सहा रुग्ण सापडले, तेही नायजेरियाहून आलेले प्रवासी आणि त्यांचे इथले नातेवाईक.

मग लस घेऊन काय उपयोग, असं म्हणू नका हं. जीव वाचवणं हे तिचं मोठं काम, आणि ते तिने केलं. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना मुंबईची लोकल खुली झाली, तेही बरोबरच होतं. लोकांची पोटं त्या लोकलवर आहेत. फक्त ‘मला धोका कमी’ आणि ‘माझ्यापासून धोका नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आपण पहिलं ऐकलं आणि दुसरं गृहीत धरलं.

त्याची किंमत कोण मोजणार होतं? धबधब्याशेजारी कणीस भाजणारी मावशी. तिची अडचण दोन्हीकडून. पावसाळ्यात प्रशासनाने पर्यटनाला बंदी घातली की गल्ला रिकामा. बंदी मोडून गर्दी आली की धंदा होतो, पण मास्क हनुवटीवर घेऊन तिच्यासमोर पन्नास जण खोकणार. तिच्या घरी म्हातारी सासू असेल, तर तिच्या रोगप्रतिकारशक्तीचा हिशेब आपल्या गाडीत कुणी केला होता का?

म्हणून प्रवास करूच नका, असं मी म्हणत नाहीये. या आणि कणीसही खा, पैसे देऊन. पण अंगात ताप आहे, घसा धरलाय, तर ट्रिप पुढच्या आठवड्यात. जाणं टाळता येण्यासारखं नसेलच तर मास्क नाकावर, आणि म्हाताऱ्या माणसांपासून चार हात लांब. कोरोना असो नाहीतर साधा फ्लू, निघताना प्रश्न एवढाच विचारायचा: मला काय होईल हे झालं, माझ्यामुळे कुणाला काय होईल?

तुमच्या गावात तेव्हा काय झालं, व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, स्वतःची आणि समोरच्याचीही!