गावाने दार लावलं तरी

हप्ता, कर्ज, बँकेचं पासबुक यांवर आपण या कार्यक्रमात नेहमी बोलतो. आज बोलायचं आहे ते आपण सोडून आलेल्या गावाबद्दल. आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येकीने एक गाव सोडलेलं आहे. कुणी चांदवडहून निफाडला आली, कुणी सुरगाण्याहून दिंडोरीला. माझं माहेर जरा लांबचं आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातली, समुद्राकाठची. भात, मासळी आणि आमसुलाच्या गावातून निघाले आणि द्राक्षाच्या गावात पडले. मधल्या काळात बी. ए. झाले, कपड्यांच्या दुकानात हिशेब लिहिले, शिकवण्या घेतल्या आणि आता गटांचं काम करते. इतकी कामं बदलली, पण "तुम्ही कुठल्या?" असं कुणी विचारलं की तोंडून आधी दापोलीच येते.

माझ्याच तालुक्यातल्या एका माणसाची गोष्ट आज सांगते. मुरुड नावाचं गाव आहे, हर्णै बंदराच्या शेजारी. रायगड जिल्ह्यातलं जंजिऱ्याचं मुरुड वेगळं, हे दापोलीचं. नारळ-पोफळीच्या वाड्या, पुढे लांबच लांब पुळण आणि दुर्गादेवीचं देऊळ. त्या गावात धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ ला शेरवली या त्यांच्या आजोळी झाला, पण गाव म्हणाल तर मुरुडच. आपण त्यांना महर्षी कर्वे म्हणून ओळखतो. घरचे आणि आश्रमातले लोक त्यांना अण्णा म्हणायचे.

घरची गरिबी होती. सतरा वर्षांचे असताना एका परीक्षेसाठी अण्णा मुरुडहून साताऱ्याला गेले. त्या काळी एसटी कुठली? भर पावसात, घाट चढून, शंभर मैलांहून जास्त वाट पायी तुडवत गेले. तिथे साहेबाने बघितलं आणि सांगितलं, तू सतराचा दिसत नाहीस, तुला बसता येणार नाही. आले तसे परत फिरले. ती परीक्षा त्यांनी पुढे कोल्हापूरहून दिली. मग रत्नागिरी, मग मुंबई. १८८४ साली ते बी. ए. झाले. मुंबईत पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवण्या करायच्या आणि संसार चालवायचा, असे दिवस होते.

याच दिवसांत त्यांनी जे केलं ते मला आपल्या कामाच्या फार जवळचं वाटतं. त्यांनी 'मुरुड फंड' सुरू केला. आपल्या कमाईतला काही भाग गावासाठी बाजूला काढायचा, मुरुडच्या इतर माणसांकडून थोडी थोडी वर्गणी घ्यायची आणि तो पैसा गावाच्या कामाला लावायचा. आपल्या गटाच्या पेटीसारखंच की हे! स्वतःची चूल नीट पेटण्याआधी त्यांनी गावाचा वाटा वेगळा काढला होता. कोकणात आजही मुंबईच्या चाकरमान्यांची ग्रामस्थ मंडळं असतात. गणपतीला, शिमग्याला ते गावी येतात, शाळेला पत्रे देतात, देवळाला रंग देतात. ही रीत आमच्याकडे मुरलेली आहे.

आता गोष्टीची दुसरी बाजू. अण्णांची पहिली बायको राधाबाई १८९१ साली वारली. त्याच वर्षी ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं. आणि ११ मार्च १८९३ ला गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई देवरुखच्या जोशांची मुलगी, लहानपणीच विधवा झालेली. पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, तिथली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर तिचं नाव आनंदीबाई झालं, पण सगळे तिला बाया म्हणायचे.

लग्नानंतर अण्णा बायाला घेऊन मुरुडला गेले, आणि गावाने सभा घेऊन ठराव केले. कर्वे ज्या सभेत असतील तिथे कुणी बसायचं नाही. कर्वे गावात आले तरी भावाच्या घरी उतरायचं नाही. उतरले तर त्या घरावरही बहिष्कार. ज्या गावासाठी पहाटे उठून शिकवण्या करून पैसा साठवला, त्याच गावाने हे ठरवलं. आईला स्वतःच्या मुलाला घरात घेता येईना.

इथे आपण बायकांनी थोडं थांबून विचार करायला हवा. ठराव झाला अण्णांच्या नावावर. पण घाव कुणाकुणाला बसला? अण्णा पुण्याला परत गेले, त्यांना कॉलेज होतं, काम होतं. आई मात्र गावातच राहिली, त्याच विहिरीवर, त्याच माणसांत. आणि बाया? सासरच्या गावाने तिला सून म्हणून दारातच अडवलं होतं. बहिष्काराचा भार नेहमी घरातल्या बाईवर जास्त पडतो. पुढे बायाने आपली हकीकत लिहिली, 'माझे पुराण' नावाने. गटात वाचता येत असेल त्या मैत्रिणीने ती मिळवून सगळ्यांना वाचून दाखवावी.

मग अण्णांनी काय केलं? त्यांच्यापुढे दोन सोपे रस्ते होते. गावाची माफी मागायची आणि बायाला खाली मान घालायला लावायची, हा एक. गावाचं नाव टाकून द्यायचं, हा दुसरा. त्यांनी दोन्ही केलं नाही. लग्न चुकीचं होतं असं ते कधी म्हणाले नाहीत आणि मुरुड माझं नाही असंही म्हणाले नाहीत. आपल्या बाजूचं दार उघडं ठेवून ते कामाला लागले.

१८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याला, गावाबाहेरच्या माळावर एका झोपडीत गेला. कॉलेज सुटलं की अण्णा चिखल तुडवत तिथे चालत जायचे. बायाची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा, याच आश्रमात शिकली आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरली, थेट अमेरिकेपर्यंत गेली. देवरुखसारख्या गावातून निघालेली बाई, तेही शंभर वर्षांपूर्वी! १९१६ साली महिला विद्यापीठ उभं राहिलं, तेच आजचं एसएनडीटी. तेव्हाची एक उणीवही सांगते. या आश्रमात सुरुवातीला ब्राह्मण विधवांनाच प्रवेश होता. सगळ्या बायकांसाठी ते दार तेव्हा उघडलं नव्हतं. ज्याच्यावर गावाने दार लावलं त्याच्याही घराला दार होतं, हे आपण विसरू नये.

सत्तरी उलटल्यावर अण्णा युरोप, अमेरिका, जपान फिरून आले. आणि १९३६ साली, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी काय काढलं? तर जिथे शाळाच नाही अशा खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ! त्यासाठी म्हातारपणी दारोदार फिरून चार-चार आण्यांची वर्गणी मागितली. एवढं जग बघून झालं तरी मन खेड्यातल्या शाळेपाशी आलं. मला यात मुरुड फंडच दिसतो, फक्त आता सगळं खेडंच मुरुड झालं होतं.

१९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. त्यांच्या नावाचं टपाल तिकीटही निघालं. ९ नोव्हेंबर १९६२ ला ते गेले. ज्या मुरुडने ठराव केला होता, तिथे आज त्यांचं स्मारक आहे. गावं बदलतात, मैत्रिणींनो. पण कुणीतरी धीर धरून आपल्या बाजूची दोरी सोडत नाही, म्हणून बदलतात.

ही गोष्ट आज का सांगितली? आपल्या गटांत अशा बायका आहेत ज्यांना माहेरची वाट बंद आहे. कुणी दुसऱ्या जातीत लग्न केलं. कुणी नवऱ्याने टाकल्यावर एकटी राहिली आणि माहेरच्यांना ते खपलं नाही. कुणी वडिलांच्या जमिनीत हक्क मागितला आणि राखीला यायचं नाही असा निरोप आला. अशा बाईला आपण सहज म्हणतो, "जाऊ दे ना, माफी माग, सही करून टाक, पण माहेर तोडू नको." अण्णांची गोष्ट आठवा. नातं राखायचं म्हणजे गाव म्हणेल ते मान्य करायचं असं नाही. हक्क मागणं म्हणजे नातं तोडणं नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे २००५ पासून देशाच्या हिंदू वारसा कायद्यात लिहिलेलं आहे. आणि दार त्यांनी लावलं तरी आपल्या बाजूने फोन, पत्र, आजारपणात विचारपूस चालू ठेवता येते.

दुसरी गोष्ट ठरावांची. १८९३ मध्ये गावाने ठराव करून माणसाला बाहेर काढलं. आज तसं करणं गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण ठराव चांगलाही असतो. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. बायाच्या काळात गावाने जे विधवेविरुद्ध वापरलं, तेच हत्यार हेरवाडने तिच्या बाजूने वापरलं. आपल्याकडे नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. त्या सभेला आपण किती जणी जातो, ते प्रत्येकीने मनाशी मोजावं.

आता कामाचं बोलते. पुढच्या मीटिंगला हप्ता गोळा झाला की अर्धा तास जास्त बसा. प्रत्येकीने सांगायचं, माझ्या माहेरच्या गावाला कुठली एक गोष्ट हवी आहे. शाळेत पाण्याची टाकी, मुलींसाठी संडासाचं दार, वाचनाची पुस्तकं, काहीही. मग महिन्याला दहा रुपये वेगळे काढता येतील का ते बघा. पन्नास जणींचे गट एकत्र आले तर वर्षाला सहा हजार होतात. पहिल्या वर्षी एका गावाचं काम, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या. चिठ्ठी टाकून ठरवा आणि प्रोसिडिंगमध्ये लिहा.

आणि ज्या बाईला माहेरी जाता येत नाही, तिचं नाव सगळ्यांसमोर विचारू नका. गटाच्या अध्यक्षबाईंनी तिच्याशी एकटीने बोलावं. तिला जायचं असेल तर सोबत दोघींनी जावं. जायचं नसेल तर दिवाळीच्या भाऊबिजेला तिला आपल्या घरी जेवायला बोलवावं. तिच्या ताटात साधी वरणपोळी वाढली तरी चालेल.

पुढच्या वेळी आपण ग्रामसभेत ठराव कसा मांडायचा, अर्जाचा मसुदा कसा लिहायचा ते बघू. तोवर तुमच्या गटाने काय ठरवलं ते केंद्रावर कळवा. नमस्कार.