कोल्हिणीच्या पोटात काय आहे?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

विषय जाहीर झाला तेव्हा काहीजणी हसल्या. पोटगी आणि घरातल्या मारहाणीवर बोलणारी बाई मोबाईलवरच्या खेळातल्या कोल्हिणीवर काय बोलणार? पण आपल्या किशोरी गटांतल्या मुली हे खेळ खेळतात, त्यांतल्या पात्रांवरून तावातावानं भांडतात. बाई कशी असते, तिच्यावर विश्वास टाकावा की नाही, हे पूर्वी मुली पोथ्यांतून आणि कहाण्यांतून शिकायच्या. आता खेळांतूनही शिकतात. म्हणून ते आपल्यालाही वाचता यायला हवेत.

चीन, कोरिया, जपानच्या लोककथांत म्हातारी कोल्हीण सुंदर बाईचं रूप घेते. तिला नऊ शेपट्या असतात, ती पुरुषांना भुलवते, घरं आणि राज्यं बुडवते. ही कोल्हीण आता खेळांत आली आहे. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा एका चिनी कंपनीनं २०२० मध्ये आणलेला खेळ. त्यात इनाझुमा नावाचा, जपानवर बेतलेला देश आहे. तिथल्या मोठ्या देवळाची मुख्य पुजारीण याए मिको ही कोल्हीण आहे. ती देऊळ सांभाळते, पुस्तकांचं प्रकाशनगृहही चालवते. बोलणं गोड, स्वभाव चिडवण्याचा, आणि पोटातलं ओठावर येऊ देणार नाही.

या देशाची सत्ता एई नावाच्या देवतेकडे आहे. बहीण आणि जिवलग मैत्रिणी गमावल्यावर तिनं जगाकडे पाठ फिरवली आणि कारभार एका बाहुलीवर सोपवला. काही मोजक्या माणसांना दैवी शक्तीची रत्नं मिळालेली असतात. ती जप्त करण्याचा हुकूम निघाला. ज्यांची रत्नं गेली त्यांची जगण्याची उमेदच गेली. मिको उघड बंड करत नाही. ती परक्या प्रवाशाला हाताशी धरते, लढाईसाठी तयार करते. देवतेची एक मौल्यवान खूण तिच्याकडे असते, तीही ती शत्रूला देऊन टाकते आणि बदल्यात प्रवाशाचा जीव सोडवते. शेवटी हुकूम मागे घेतला जातो, एईचं मन हलतं.

मी एका गटात मुलींना विचारलं, मिको कशी वाटते? पहिलं उत्तर आलं, “कपटी आहे. तिचा खरा डाव काय ते कळतच नाही.” मी म्हटलं, डाव कळतो की! मैत्रिणीला कोंडीतून बाहेर काढायचं होतं आणि लोकांवरचा जुलूम थांबवायचा होता. तोंडावर सांगून ऐकणारं राज्य नव्हतं, म्हणून आडवाटेनं गेली. एक मुलगी म्हणाली, “पण तिनं प्रवाशाला पूर्ण कल्पना न देता वापरलं.” हे खरं आहे, आणि त्याबद्दल तिला जाब विचारावा. पण तो तिच्या कृतीबद्दल असावा, कोल्हीण असण्याबद्दल नको.

आता पंचतंत्रातला दमनक आठवा. तोही कोल्हाच. सिंह आणि बैल यांच्या मैत्रीत विष कालवून त्यानं बैलाचा जीव घेतला, आपलं मंत्रिपद सांभाळलं. ती गोष्ट आपण मुलांना नीती म्हणून, राजकारणाचा धडा म्हणून शिकवतो. नर कोल्ह्याचा डाव तो मुत्सद्दीपणा, आणि कोल्हिणीचा डाव ते कपट!

ही वाटणी जुनी आहे. ‘फंगशन यान्यी’ या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीत शांग घराण्याचा शेवटचा राजा देवी न्युवाच्या देवळात जातो, मूर्तीवर लुब्ध होऊन भिंतीवर कामुक कविता लिहितो. देवी संतापते आणि घराणं बुडवण्यासाठी कोल्हिणीला पाठवते. कोल्हीण दाजी नावाच्या मुलीचं रूप घेऊन राणी होते. राज्य बुडतं. काम झाल्यावर देवी तिला वाचवत नाही. ती म्हणते, लोकांना छळ असं मी सांगितलं नव्हतं. दाजी क्रूर होती हे कादंबरी भरभरून सांगते. पण लंपट राजा कोण, हुकूम कोणाचा, हे मागे पडतं आणि लोकांच्या तोंडी दाजीचं नाव उरतं.

याहून बोलकी गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. जपानी कथा सांगते की हीच कोल्हीण चीनमधून निसटून भारतात, मगधात आली. तिथं ती हानझोकू नावाच्या राजपुत्राची आवडती झाली आणि तिच्या नादानं त्यानं हजार राजांची मुंडकी मारायचा घाट घातला. पुढं तीच जपानच्या दरबारात तामामो या नावानं प्रकटली. हा हानझोकू म्हणजे आपला कल्माषपाद. महाभारतात तो ऋषीच्या शापानं राक्षस होतो, माणसं खातो. तिथं कोल्हीण औषधालाही नाही. राजाचं क्रौर्य आधीपासून होतं, त्यामागची बाई नंतर जोडली गेली. गोष्ट देशोदेशी फिरली आणि वाटेत दोषाला स्त्रीचा चेहरा मिळाला.

हेतू शोधायचाच असेल तर खेळ विकणाऱ्याचाही शोधा. मिको फुकट मिळेलच असं नाही. तिच्यासाठी सोडत काढावी लागते आणि सोडतीला खरे पैसे लावता येतात. तिच्या दर्जाचं पात्र लागण्याची मूळ शक्यता दर सोडतीला ०.६ टक्के. नव्वदाव्या सोडतीपर्यंत त्या दर्जाचं कोणीतरी नक्की मिळतं, पण ती मिकोच असेल असं नाही. तिचे उघडे खांदे, लाडिक बोलणं, गूढ हसू हे सारं या सोडतीच्या दुकानात मांडलेलं आहे. भुलवणारी कोल्हीण म्हणून बोट तिच्याकडे, आणि गल्ला दुसऱ्याचा.

मैत्रिणींनो, हे सगळं आपल्या कामाशी कसं जोडलेलं आहे ते तुम्हाला सांगायला नको. एखादी बाई दोन वर्षांनी तक्रार द्यायला येते तेव्हा पहिला प्रश्न काय येतो? “आत्ताच का आली? जमिनीत वाटा हवा असेल. कोणीतरी शिकवलं असेल.” झालेल्या मारहाणीची चौकशी मागे पडते, तिच्या पोटात काय आहे याची आधी होते. ती रडली तर नाटक, रडली नाही तर निगरगट्ट. मारणाऱ्याचा हेतू मात्र कोणी विचारत नाही. तो रागीट आहे, एवढ्यावर भागतं.

हेतू विचारूच नका असं मी म्हणत नाही. बाईलाही डाव असतो, स्वार्थ असतो, चूकही असते. देवी मानून तिला माणूसपणातून बाहेर काढणं हीही फसवणूकच. पण विचारायचा तर तो सगळ्यांना विचारा. पुढच्या किशोरी गटात मुलींबरोबर बसाल तेव्हा त्यांच्या आवडीच्या खेळातली अशी एखादी पात्र-बाई निवडा आणि तीन प्रश्न टाका. तिनं नेमकं काय केलं? उघडपणे करायची तिला सोय होती का? आणि तिच्या बदनामीनं कोण सुटलं? याच प्रश्नांची सवय लागलेली मुलगी उद्या एखाद्या चौकशी समितीवर बसेल, तेव्हा समोरच्या बाईचं म्हणणं पुरतं ऐकून घेईल.