मावळांत घर बांधण्यापूर्वीं

‘घर पाहावें बांधून’ या म्हणींतील इशारा बहुतेकांना केवळ खर्चाविषयींचा वाटतो. तो तसा आहेहि. परंतु ही म्हण ज्या समाजांत रूढ झाली, त्या समाजांत घर बांधणारा माणूस बहुधा त्याच गांवांत जन्मलेला असे. त्याच्या जागेपर्यंतची वाट पूर्वजांनीं पाडलेली असे; पाणी कोणत्या विहिरीचें आणावयाचें हें ठरलेलें असे; पावसाचें पाणी कोणत्या अंगानें वाहतें हें त्यानें लहानपणापासून पाहिलेलें असे; आणि शेजारी कोण हें तर त्याला सांगावयासच नको. त्यानें बांधावयाचें तें फक्त घर. पुण्यामुंबईचें कुटुंब मावळांत जमिनीचा तुकडा घेऊन घर बांधूं पाहतें, तेव्हां यांतलें कांहींच त्याला वारशानें मिळत नाहीं. वाट, पाणी, निचरा आणि शेजार या चारहि गोष्टी त्याला प्रथम सिद्ध कराव्या लागतात, आणि मग घर. हा क्रम जे उलटा करतात, त्यांच्या आयुष्यभराच्या शिलकीची परीक्षा पहिल्या दोन पावसाळ्यांतच होते.

मावळची ओढ शहरवासीयांना नवी नाहीं. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धावूं लागल्यानंतर मुंबईच्या धनिकांनीं खंडाळें-लोणावळ्यास बंगले बांधले. २००२ सालीं द्रुतगति महामार्ग पूर्ण झाल्यावर हीच ओढ मध्यम स्थितीच्या कुटुंबांपर्यंत पोंचली, आणि पवन मावळ, नाणें मावळ, आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत कुंपणें व फाटकें दिसूं लागलीं. जमीन पाहावयास माणसें येतात तीं प्रायः हिवाळ्यांतील रविवारीं. त्या दिवशीं ओढा म्हणजे एक सुंदर खडकाळ वाट असते, विहिरींत पाणी असतें, आणि डोंगर स्थिर दिसतो. जमीन पाहावी ती खरें म्हणजे दोनदां: एकदां आषाढांत छत्री घेऊन, आणि एकदां वैशाखांत भर दुपारीं.

त्याहिपूर्वीं पाहावयाचे ते कागद. १९४८ च्या कूळकायद्यान्वयें, जो शेतकरी नाहीं त्याला शेतजमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून सामान्यतः घेतां येत नाहीं. १९४७ च्या कायद्यानें जमिनीचे लहान तुकडे पाडण्यास प्रतिबंध केला. या कायद्याच्या नियमांत, तसेंच शेतजमीन बिनशेती करण्याच्या नियमांतहि, अलीकडे वारंवार फेरफार झाले आहेत. म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबतां खरेदीच्या वेळीं लागू असलेला नियम तहसील कचेरींतच विचारावा. कित्येकदां चार-पांच कुटुंबांना मिळून एक गट विकला जातो. प्रत्येकाचें नांव सातबाऱ्यावर सामाईक लागतें, परंतु कोणाची चतुःसीमा कोणती हें कोठेंच लिहिलेलें नसतें. असें कुटुंब जमिनीचें मालक होतें. जागेचें मात्र होत नाहीं.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन असा शेरा असल्यास ती जमीन सरकारी परवानगीवांचून हस्तांतरित करतां येत नाहीं. ‘इतर हक्क’ या सदरांत कुळाचें नांव, कर्जाचा बोजा, कोणाची वाट वा पाण्याचा पाट यांची नोंद असते. आणि ज्या फेरफारांनीं हीं नांवें चढलीं वा उतरलीं ते जुने फेरफारहि काढून वाचावे. तलाठ्यांना, म्हणजे ज्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांना, विचारल्यास यांतलें बरेंच उलगडतें. त्यानंतर भूमिअभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्यावी व हद्दीचे दगड शेजाऱ्यांच्या समक्ष रोवावे. बांधकामाची परवानगी लोणावळें व तळेगांव दाभाडे येथें नगरपरिषद देते. तालुक्यांतील बाकीच्या बहुतेक गांवांसाठीं २०१५ सालीं स्थापन झालेल्या पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे जावें लागतें. ग्रामपंचायतीचा दाखला हातीं आला म्हणजे परवानगी मिळाली, हा समज पुष्कळांना महाग पडला आहे.

कागदांनंतर वाट. शेतावर बैलगाडी जाते म्हणून त्याच बांधावरून वाळूची मालमोटार जाईलच असें नाहीं. शेतीसाठीं बांधावरून जाण्याची वहिवाट ही एक गोष्ट आहे. घरासाठीं बारमाही रस्त्याचा हक्क ही दुसरी. अडलेली वहिवाट मोकळी करून घेण्यास १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याचा आधार आहे, परंतु दावा जिंकून शेजार गमावण्यापेक्षां खरेदीपूर्वींच वाटेचा हक्क रुंदीसह खतांत लिहून घेणें शहाणपणाचें. रस्ता करतांना आधीं मोठ्या दगडांचें सोलिंग, त्यावर मुरूम, मध्यें किंचित् उंचवटा आणि दोन्ही अंगांस चर, असें करावें. ओढ्यावर घालावयाची नळमोरी पावसाळ्यांतील पाणी पाहून ठरवावी. उन्हाळ्यांतील कोरडें पात्र पाहून घातलेली अरुंद नळी पहिल्या झडींतच पालापाचोळ्यानें तुंबते, आणि रस्ताच धरण होऊन बसतो.

मावळांत पाणी हाच खरा जमीनदार आहे. लोणावळ्यास वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस वडगांव-तळेगांवाकडे जातां जातां तो निम्म्याहूनहि पुष्कळ कमी होतो. म्हणजे एका तालुक्यांत बांधलेल्या दोन घरांना एकच नियम लागत नाहीं. डोंगरावरील पाणी किती अकस्मात् येतें याचा दाखला ३० जून २०२४ रोजीं भुशी धरणाजवळच्या धबधब्यांत मिळाला. एकाच कुटुंबांतील पांच माणसें तेथें वाहून गेलीं. ज्या तुकड्यांत ‘छोटासा झरा’ आहे म्हणून अधिक किंमत मागितली जाते, तेथें त्या झऱ्याच्या दोन्ही कांठांवरील पुराच्या खुणा प्रथम शोधाव्या. झुडपांना अडकलेलें गवत व चिंध्या पाण्याची उंची बिनचूक सांगतात.

उताराची गोष्ट याहून गंभीर आहे. ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतीलच आंबेगांव तालुक्यांत माळीण गांवावर डोंगर कोसळला व सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं. अतिवृष्टि हें तर कारण होतेंच. त्याबरोबर डोंगरउतार खणून सपाट केल्याचेंहि कारण सांगितलें गेलें. घरासाठीं उतार कापून सपाटी करणारें यंत्र दोन दिवसांत जें करतें, त्याचा हिशेब डोंगर सावकाश मागतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीप्रमाणें एकास पांच याहून अधिक चढ असलेल्या जमिनीवर सामान्यतः बांधकाम करतां येत नाहीं. पारदर्शक नळींत पाणी भरून गवंडी ज्याप्रमाणें पातळी काढतो त्याप्रमाणें हा चढ कोणालाहि मोजतां येईल: पांच मीटर आडव्या अंतरांत एक मीटराहून अधिक चढ नसावा. थोड्या उतारावरहि एक मोठी सपाटी करण्याऐवजीं दोन-तीन लहान पायऱ्या कराव्या. प्रत्येक पायरीस दगडी भिंत घालून तींत पाणी निघून जाण्यास भोंकें ठेवावीं, आणि घराच्या वरच्या अंगास आडवा चर खणून डोंगराचें पाणी बाजूनें वळवावें.

या बाबतींत जुनीं गांवठाणें हीं उत्तम पाठ्यपुस्तकें आहेत. मावळांतील गांव सहसा भातखाचरांत वसलेलें नसतें. तें खाचरांच्या वर, कठीण भूमीवर आणि डोंगराच्या पायथ्यापासून कांहीं अंतर राखून असतें. खाचर ही पाणी धरून ठेवण्यासाठींच पिढ्यान्‌पिढ्या तयार केलेली जमीन होय. वडगांवच्या संशोधन केंद्रांतून १९८७ सालीं प्रसृत झालेला इंद्रायणी तांदूळ तिच्यांत उत्तम पिकतो. घराचा पाया मात्र तिच्यांत पिकत नाहीं. चिकण काळी माती पावसांत फुगते व उन्हांत भेगाळते. म्हणून विकत घेण्यापूर्वीं मालकाच्या संमतीनें तीन ठिकाणीं दीड-दोन मीटर खोल खड्डे घेऊन पाहावें: मुरूम किती खालीं लागतो, आणि खड्ड्यांत पाणी झिरपतें काय. खाचरावर मुरुमाचा भराव घालून विकावयास काढलेले तुकडे वरून सपाट व देखणे दिसतात; परंतु भरावावर पाया ठेवावयाचा नसतो, तो भरावाखालच्या मूळ कठीण थरापर्यंत न्यावयाचा असतो, आणि हा खर्च विकणारा सांगत नाहीं.

इतका पाऊस, मग पाण्याची काय चिंता, असें नवख्यास वाटतें. परंतु मावळचा काळा पाषाण पाणी फारसें धरीत नाहीं. पाणी असतें तें त्याच्या भेगांत व वरच्या झिजलेल्या थरांत, आणि तें उताराबरोबर निघून जातें. कार्लें व भाजें येथील लेणीं खोदणाऱ्यांनीं दोन हजार वर्षांपूर्वीं लेण्यांशेजारीं पाण्याचीं टांकीं खडकांत खोदलीं, तीं याच कारणासाठीं. विंधन विहीर लागेलच याची हमी कोणी देऊं शकत नाहीं. लागली तरी वैशाखांत ती किती वेळ चालते हें शेजारच्या विहिरीवरून पाहावें. त्यापेक्षां छपराचें पाणी अधिक विश्वासाचें. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर पाणी. या हिशेबानें लोणावळ्याच्या बाजूस एका वर्षांत चार लक्ष लिटर पडतें. पांच माणसांना दरडोई रोज शंभर लिटर धरले, तर जानेवारी ते मे या पांच महिन्यांस पंचाहत्तर हजार लिटर पुरतात. त्यासाठीं पांच मीटर लांब, पांच मीटर रुंद व तीन मीटर खोल अशी टांकी लागते. इतकी मोठी न झेपल्यास निम्मी करावी, पण ती जोत्याबरोबरच करावी. घर झाल्यावर अंगण खणून टांकी कोणी करीत नाहीं. पहिल्या दोन-तीन सरींचें पाणी बाहेर सोडावें आणि टांकीस सूर्यप्रकाश लागूं देऊं नये.

पाणी आणण्याइतकाच सांडपाणी घालविण्याचा विचार महत्त्वाचा. मैल्याची टांकी व शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगास, निदान पंधरा ते अठरा मीटर दूर असावा. भेगाळ खडकांतून घाण पाणी याहूनहि लांब जाऊं शकतें, म्हणून अंतर जितकें अधिक तितकें बरें. शोषखड्ड्याची परीक्षा वैशाखांत घेऊं नये; त्या वेळीं प्रत्येक खड्डा पाणी पितो. श्रावणांत हातभर खड्डा खणून त्यांत पाणी ओतावें व तें तासाभरांत किती उतरतें हें पाहावें. मुळींच न उतरल्यास जमिनीवर वाळू-खडीचा उंच वाफा करून त्यांत कर्दळ व केळी लावाव्या आणि पाणी त्यांतून गाळून सोडावें.

विजेची कथा या भागांत चमत्कारिक आहे. लोणावळें-वळवणच्या तळ्यांतील पाण्यावर १९१५ सालीं खोपोलीस वीज तयार होऊं लागली आणि ती मुंबईच्या गिरण्यांस गेली. मावळच्या खेड्यांत दिवा लागण्यास मात्र पुष्कळ काळ लोटला. आज गांवोगांव वीज आहे, तथापि आपल्या जागेपासून खांब किती दूर व रोहित्रावर भार घेण्यास वाव किती, हें महावितरणच्या कचेरींत आधींच विचारावें. बांधकामासाठीं तात्पुरती जोडणी घ्यावी; शेजाऱ्याच्या शेतपंपावरून तार ओढूं नये. खडकाळ जमिनींत विजेची भूजोडणी नीट होत नाहीं. तिचा खड्डा मातीच्या ओलसर जागीं, पुरेसा खोल घेऊन त्याची तपासणी करवावी. वळवाच्या विजा येथें घराघरांतील यंत्रें जाळून जातात.

हें सर्व करावयाचें केव्हां? दिवाळीनंतर मोजणी, खड्डे व कागद. उन्हाळ्यापूर्वीं रस्ता, चर, दगडी बांध व भराव. आणि मग एक संपूर्ण पावसाळा जमिनीला द्यावा. त्या चार महिन्यांत भराव बसतो, चर कोठें अपुरा आहे तें दिसतें, मोरी तुंबते ती एकदां तुंबून घेते. पुढच्या दिवाळीनंतर जोतें घालावें. एक वर्ष वांयां गेलें असें तेव्हां वाटतें. परंतु हेंच वर्ष पुढें घराच्या भिंतींना तडा जाऊं देत नाहीं.

राहिला शेजार. तो विकत मिळत नाहीं. वरच्या माणसानें ओढा वळविला कीं खालच्याचें खाचर एक तर कोरडें पडतें किंवा वाहून जातें. आणि खालचा माणूस नवा नसतो, तो तेथें पिढ्यान्‌पिढ्या भात लावीत आलेला असतो. म्हणून चर कोठून न्यावयाचा हें त्याला बरोबर घेऊन ठरवावें. कोणत्या सालीं पाणी कोठवर आलें, कोणती दरड केव्हां हालली, हें त्याच्याइतकें कोणत्याहि नकाशाला ठाऊक नसतें. आपल्या जमिनीवरील पाणी ज्याच्या शेतांत उतरतें, त्या शेतकऱ्यानें पहिल्या पावसाळ्याच्या अखेरीस कांहीं तक्रार केली नाहीं, तर जमीन घरासाठीं तयार झाली असें खुशाल समजावें.